पाचवा प्रश्न

त्या गल्लीत त्याला सगळे काटेवाला म्हणत. सोनारांचे नाजूक तराजू, औषधविक्रेत्यांची काचेच्या पेटीतली यंत्रं, भाजीबाजारातले गंजलेले काटे, काहीही बिघडलं की ते त्याच्याच टेबलावर यायचं. तो ते उघडायचा, आतली धूळ मऊ ब्रशने झाडायचा, झिजलेला भाग बदलायचा आणि मग लाकडी पेटीतली पितळी वजनं एकेक करून पारड्यात ठेवत काटा खरा करायचा. वजनाला त्याने कधी बोट लावलं नाही. बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो, म्हणून चिमटा. "जरा आमच्या बाजूने झुकता ठेवा ना," असं हळूच सुचवणारं एखादं गिऱ्हाईक अधूनमधून यायचंच. त्याच्याशी तो वाद घालत नसे. त्याचा काटा तसाच सुटा, उघडा, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात ठेवायचा.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे तो, त्याची बायको आणि पावणेसहा वर्षांची मुलगी राहत. मुलगी जन्मली तेव्हा जेमतेम दीड किलोची होती. दवाखान्यातल्या काट्यावर ठेवलेला तो ओंजळीएवढा जीव बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "गुंज आहे ही नुसती." जुने सोनार वजन म्हणून वापरायचे ती लाल बी, गुंज. पाळण्यातलं नाव कागदावर राहिलं आणि हेच चिकटलं.

शेजारपाजारच्या बायका म्हणत, पोरीची प्रकृती म्हणजे अगदी तोळामासा. त्याला ते ऐकून वाटे, तोळा काय, मासा काय, दोन्ही मोजता तरी येतात. गुंजच्या बाबतीत काय मोजायचं हेच पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. आठ महिन्यांची असताना तिला दुधात कालवलेला पाव पहिल्यांदा भरवला आणि दुसऱ्या घासाला तिचे ओठ सुजून जाड झाले. मग अंडं. मग शेंगदाणा, तोही कुणीतरी खाऊन न धुतलेल्या हाताने गाल कुरवाळला म्हणून. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे कातडी फाटायची, रोज संध्याकाळी तिला मलम चोपडून ओल्या सुती पट्ट्यांत गुंडाळावं लागे. हवा बदलली की छातीत शिट्टी वाजायची आणि दम्याचा पंप बाहेर निघायचा.

बायको टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करायची. लोकांचं कोंबडीच्या पायाचं अक्षर वाचून वाचून तिची नजर अशी तयार झाली होती की पाकिटाच्या पाठीवरचा मुंगीएवढा मजकूर ती दुकानात उभ्या उभ्या वाचून टाके. "ह्यात दुधाची भुकटी आहे," असं म्हणून तिने पाव परत केला, तेव्हा दुकानदाराला भिंग लावूनही ती ओळ सापडली नव्हती. घरात काय यावं हे ती ठरवायची आणि गुंजच्या तोंडात काय जावं हे तो. शेजारच्या गाळ्यातला किल्ल्या बनवणारा त्यांच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा. "ऑपरेशनला आलोय, काटेशेठ," म्हणून ओले हात वर करून दारात उभा राहायचा आणि गुंज त्याला तपासून आत घ्यायची.

गेल्या वर्षी ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी एक उपचार सुरू केला. दुधाची भुकटी, आधी कणभर, मग दोन कण. रोज घरी ठरलेलं माप द्यायचं, आणि दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात त्यांच्या नजरेसमोर ते किंचित वाढवायचं. गुंजने पुढे दूध प्यावं असा काही हेतू नव्हता. कुणाच्या तरी डब्यातला घोट चुकून पोटात गेला तर तिच्या जिवावर बेतू नये, एवढंच. कारण शाळेच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "चमचाभर दूध चुकून गेलं तरी तिला सोसतं, असं डॉक्टरांचं पत्र आणा. मग पहिलीत घेऊ." बालवाडीचं एक वर्ष असंच हुकलं होतं. यंदा शाळा उघडायला सात आठवडे उरले होते आणि डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने चमचा सहा आठवड्यांवर आला होता.

गुंजला हे सगळं माहीत होतं. दुकानाच्या दारात स्टूल टाकून ती शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगायची, "मी पण येणारे! माझं दूध झालं ना की!" मुलांना त्यातलं काही कळायचं नाही. तरी ती सांगायची. ती दिवसभर बोलायची, वजनांशी, पारड्याशी, गिऱ्हाइकाच्या पिशवीशी. किल्लीवाला म्हणे, "हिच्या तोंडाला कुलूप बनवायचं तर माझी अख्खी हयात जाईल."

दवाखान्यातून माप घ्यायला एक प्लास्टिकचा चमचा मिळाला होता. काटेवाल्याने तो दहा वेळा भरून दहा वेळा तोलला. दहा वेळा वेगळा आकडा आला. तो वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या हसल्या, म्हणाल्या, "अहो, एवढा फरक आम्ही धरलेलाच असतो." पण त्याच्या मनाला ते पटलं नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी दुकानातला सगळ्यात चांगला काटा काढायचा, काचेच्या पेटीची दारं लावून वारा बंद करायचा आणि भुकटी मिलिग्रॅमपर्यंत तोलून सफरचंदाच्या गरात मिसळायचा. बायकोने एकदाच विचारलं होतं, "मी करू का आज?"

"नको. तुला कामावर जायचंय."

"कामावर जायचंय म्हणून नाही. माझ्या हातून एक कण सांडला तर दिवसभर माझ्याकडे बघत राहशील तू, म्हणून."

तिने पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी यादीही दिली होती. मापाआधी रोज विचारायचे सहा प्रश्न. एकाचंही उत्तर हो आलं तर त्या दिवशी औषध द्यायचं नाही, आधी फोन करायचा. कारण शरीर रोज सारखं नसतं, त्यांनी समजावलं होतं. काल जे सोसलं ते आज ताप असला तर सोसेलच असं नाही. त्याने यादी टेबलासमोरच्या भिंतीवर डकवली आणि वहीत सहा रकाने आखले. वर्षभरात एकही रकाना रिकामा राहिला नव्हता.

त्या दिवशी सकाळी बायको सातच्या पाळीला गेली. गुंजचा खालचा पुढचा दात आठवडाभर हलत होता, आता तो जिभेने ढकलला की आडवा व्हायचा.

"बाबा, काढ ना."

"पडेल आपोआप."

"आपोआप पडला तर गिळला जाईल. मग वजन कसं करणार?"

हे ऐकून त्याचा हात कामावरून उठला. दाताचं वजन! गेले चार दिवस ती विचारत होती की दात किती भरेल, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न त्यालाही लागून राहिला होता. त्याने सगळ्यात बारीक चिमटा स्पिरिटने पुसला, वाळू दिला. किल्लीवाला हात धुऊन आत आला होता. तो म्हणाला, "काटेशेठ, भूल देणार की गोष्ट सांगणार?"

"तोंड उघड. मोठं. मी तीन म्हणेपर्यंत..."

दोन म्हणतानाच दात चिमट्यात आला होता. गुंजला कळलंही नाही. तिने बोटाने चाचपून बघितलं, बोटाला लागलेला लाल ठिपका बघितला आणि अशी हसली की गल्लीपलीकडच्या दुकानातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. त्याने तिला पाण्याने चूळ भरायला लावली. मग दात धुऊन, पुसून, पारड्यात ठेवला. काचेची दारं लावली. तिघेही श्वास रोखून बघत होते.

"एकशे ब्याऐंशी," तो म्हणाला.

"म्हणजे खूप?"

"म्हणजे बरोब्बर एकशे ब्याऐंशी मिलिग्रॅम."

"शिक्का मारून दे त्याच्यावर," किल्लीवाला म्हणाला, "नाहीतर पुढे कुणी शंका काढायचं."

त्याने वहीत तारीख घालून आकडा लिहिला. आयुष्यात त्याने हजारो आकडे लिहिले होते, एवढ्या आनंदाने एखादाच. मग पारडं पुसलं आणि त्याच काट्यावर, त्याच जागी बसून, दुधाची भुकटी तोलली. सहाशे चाळीस.

"ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"पोट दुखतंय?"

"नाही."

"पळापळ केलीस?"

"कुठे पळू? तू पळू देतोस का?"

"तोंडात जखम?"

गुंजने जीभ नव्या फटीतून फिरवली. "नाही."

"रात्री झोपमोड झाली?"

"नाही नाही नाही. दे आता."

त्याने सहाही रकाने भरले. तिने गर खाल्ला, वाटी चाटून साफ केली आणि स्टुलावर बसून बोलायला लागली. औषधानंतर दोन तास जागचं हलायचं नाही, हा नियम तिच्या अंगवळणी पडला होता. नवा दात कुठून येतो, तो जुन्यापेक्षा जड असतो का, शाळेत दात दाखवावा लागतो का. काटेवाला एका औषधविक्रेत्याचं यंत्र उघडून बसला होता. मधूनमधून हं म्हणत होता. पुढे किती तरी दिवस त्याने आठवून बघितलं, पण ती बोलायची नेमकी कधी थांबली, हे त्याला कधीच आठवलं नाही.

मान वर केली तेव्हा ती खांद्यावर कान घासत होती.

"गुंज, काय होतंय?"

तिने नुसती मान हलवली.

"बोल ना."

तिने तोंड उघडलं. आवाज तिचा नव्हता, घड्याच्या तळातून यावा तसा घोगरा. पुढच्या क्षणी तिच्या अंगावर, स्टुलावर उलटी झाली. गळ्यावर लाल गांधी उठत होत्या.

काय करायचं ते यादीच्या खाली ठळक अक्षरांत होतं आणि ते त्याला तोंडपाठ होतं. अशी दोन लक्षणं एकदम दिसली की इंजेक्शन. वाट बघायची नाही. इंजेक्शन जाड पेनासारखं होतं, टेबलाच्या वरच्याच खणात. आणि तरी त्याने काय केलं, तर घड्याळ उतरवून समोर ठेवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास मोजायला लागला. एका मिनिटात अडतीस. ती हलली होती, मोजण्यात चूक झाली असेल. पुन्हा. बेचाळीस. वहीत लिहिलं. सकाळचा आकडा काढून बघितला. सहाशे चाळीस. माप बरोबर होतं. माप बरोबर असताना हे असं कसं होईल, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं, आणि तिसऱ्यांदा मोजलं की त्याचं उत्तर मिळणार होतं.

किल्लीवाला उलटीचा आवाज ऐकून आला. हात न धुता आला.

"मोजतोस काय गाढवा! टोच!"

त्याने टोचलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, फ्रॉकवरूनच, दहापर्यंत दाबून धरून. हात जराही हलला नाही. किल्लीवाला ॲम्ब्युलन्सला पत्ता ओरडून सांगत होता. ॲम्ब्युलन्समध्ये दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. त्या वाटेत गुंजने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही, ती फक्त श्वास घेत होती, ते एकच काम तिला पुरून उरत होतं.

दुपारपर्यंत तिचा श्वास खाली उतरला. तोंडावरचा मास्क बाजूला करून डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला आणि थांबल्या.

"हा दात कधी पडला?"

"पडला नाही," काटेवाला म्हणाला. "सकाळी मी काढला."

"औषधाच्या आधी?"

तो हो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ओल्या जखमेतून दूध सरळ रक्तात जातं, त्या म्हणाल्या, नेहमीच्या मापालाही शरीर मग वेगळं वागतं. "यादीत मी जखम लिहिलं. सहा वर्षांच्या मुलांच्या यादीत दातच लिहायला हवं होतं. हे माझंही चुकलं."

बायको कामावरून धावत आली होती, अजून टपालाचा निळा कोट अंगात होता. तिने हे सगळं उभ्याने ऐकलं. मग बाहेरच्या बाकावर बसून वही मागून घेतली आणि वाचायला लागली. तिचं वाचणं त्याला माहीत होतं. ओळ सुटत नसे.

"मी चिमटा स्पिरिटने पुसला होता," तो म्हणाला.

"ते विचारलंच नाही मी."

तिने पान उलटलं.

"दाताचा राग नाही मला," ती वहीवरून नजर न काढता म्हणाली. "मीसुद्धा काढला असता. हे बघ. नऊ सत्तावीस, अडतीस. नऊ अठ्ठावीस, बेचाळीस. नऊ एकतीस, इंजेक्शन. चार मिनिटं. काय करत होतास?"

"मोजत होतो."

"आणि किती आकडा आला असता म्हणजे टोचलं असतंस?"

तिने वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती आत मुलीपाशी गेली.

तीन दिवसांनी गुंज घरी आली. माप पाव भागावर आलं, तेही आठवडाभर थांबून, पहिलं दवाखान्यातच. चमचा आता सात-आठ महिन्यांवर गेला होता. म्हणजे शाळेचं पत्र यंदा नाही. ते दवाखान्यातलं माप झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने कपाटाच्या मागून तो प्लास्टिकचा चमचा शोधून काढला, डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून घेतलं आणि स्वतः माप भरलं. तिने दुपारची पाळी मागून घेतली होती. काटेवाला तेवढा वेळ गल्लीत उभा राहिला. किल्लीवाल्याने त्याला आपलं स्टूल दिलं.

किल्लीवाल्याचा आवाज त्या दिवसापासून बदलला होता. काटेशेठ म्हणणं बंद झालं होतं. दोन दिवसांनी शेवटी तोच म्हणाला, "गाढव म्हटलं त्याचं मनाला लावून घेतलंस का?"

"नाही. तेवढंच बरोबर बोललं कुणीतरी."

त्या दुपारी गुंज दुकानात नेहमीच्या जागी बसली होती, पण बोलत नव्हती. श्वास ठीक होता, रंग ठीक होता. त्याने सगळं तपासलं. तरी ती गप्प होती.

"दात काढायला नको होता ना, बाबा?"

"दात काढला ते चुकलं नाही. त्या दिवशी औषध द्यायला नको होतं. ते मला कळायला हवं होतं."

"पण तू विचारलंस ना, जखम आहे का? मी नाही म्हटलं." तिने फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं. "मला वाटलं दात म्हणजे दात. मी हो म्हटलं असतं तर शाळा गेली नसती."

काटेवाल्याच्या हातातला पेचकस टेबलावर आपटला. इतके दिवस तो स्वतःच्या चुकीला असा उराशी धरून बसला होता, की तीच चूक ही पोर दुसऱ्या टोकाने उचलून चालली आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो उठला, तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मलाही वाटलं दात म्हणजे दात," तो म्हणाला. "तू सहा वर्षांची. मी चाळीसचा. कुणाला कळायला हवं होतं?"

तिने थोडा विचार केला. "तुला."

"मग?"

"मग शाळा माझ्यामुळे नाही गेली?"

"शाळा अजून गेली नाही," तो म्हणाला. हे त्याने ठरवून म्हटलेलं नव्हतं. पण एकदा म्हटलं गेल्यावर ते खरं करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी तो आणि बायको शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत एका कोपऱ्यात पहिलीच्या बाई नव्या वर्गासाठी रंगीत कागदाची अक्षरं कापत बसल्या होत्या, वयाने तरुण, बोटांना गोंद लागलेला. मोठ्या बाईंनी हात पुढे केला.

"पत्र?"

"पत्र यंदा नाही मिळणार," बायको म्हणाली.

"मग कसं हो?" मोठ्या बाईंच्या आवाजात कडकपणा नव्हता, उलट कळवळाच होता, आणि त्यामुळे पुढे बोलणं अवघड होतं. "मी तिच्यासाठीच सांगतेय. इथे साठ पोरं, साठ डबे. घरी ती तुमच्या हातात आहे. तुम्ही कसं डोळ्यांत तेल घालून सांभाळता ते साऱ्या गल्लीला माहीत आहे."

"घरीच झालं, बाई," काटेवाला म्हणाला. "माझ्याच हातून."

आणि त्याने सगळं सांगितलं. दात, माप, सहा रकाने. आणि मग ते, जे त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, की लक्षणं समोर दिसत असताना तो चार मिनिटं मोजत बसला. बायको त्याच्याकडे बघत होती. कोपऱ्यातली कात्री थांबली होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे सांगून तुम्ही मला धीर देताय की घाबरवताय?"

"मला माहीत नाही. पण शेवटी मला टोचायला लावलं ते किल्ल्या बनवणाऱ्या माणसाने. त्याने यादी वाचलेलीही नव्हती. त्याने फक्त पोरीकडे बघितलं." तो थांबला. "मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्याइतकं कुणी जपणार नाही. जपणार नाहीच. पण त्या वेळी मी नसलेला बरा."

मोठ्या बाई काही म्हणायच्या आधी कोपऱ्यातून आवाज आला. "माझ्या वर्गात बसणार ना ती? मग मला शिकवा. मी टोचेन."

"अगं, तुझ्या एकटीच्या म्हणण्यावर..."

"मग तुम्हीही शिका, बाई. शिपाईमावशींनाही शिकवू."

बायकोने लगेच धागा पकडला. खाऊच्या सुट्टीच्या आत ती गुंजला घरी नेईल. म्हणजे पहिले दोन तासच, डबे उघडायच्या आधी. बाक वेगळा, भिंतीकडचा, सकाळी ओल्या फडक्याने पुसलेला. ती एकेक मुद्दा पाकिटं खणात टाकावीत तशी टाकत गेली, आणि मोठ्या बाईंच्या नकाराला शेवटी बसायला खण उरला नाही. "महिनाभर बघू," त्या म्हणाल्या. "महिनाभरच."

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात काटेवाला सुई नसलेलं सरावाचं पेन घेऊन गेला. मोठ्या बाईंनी ते दोनदा उलटं धरलं. शिपाईमावशींनी पहिल्याच झटक्यात स्वतःच्या मांडीवर असं दाबलं की खोलीतले सगळे दचकले. "म्हशीला टोचलंय मी," त्या म्हणाल्या, "ही तर पोर." पहिलीच्या बाईंना झाकण काढण्यापासून दाबण्यापर्यंत तीन सेकंदही लागले नाहीत. कोन जरा तिरका होता. काटेवाल्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

सराव संपल्यावर त्या बाईंनी विचारलं, "लहान मुलं रडली की आवाज घोगरा होतोच. मला फरक कसा कळायचा?"

हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता.

"रडली तरी ती बोलत राहते," तो म्हणाला. "रडत रडत भांडते. ती एकदम गप्प झाली तर मात्र... मग विचारत बसू नका."

"गप्प झाली की बघायचं," बाई म्हणाल्या. त्यांनी ते कुठे लिहून घेतलं नाही.

पहिल्या दिवशी गुंजला वर्गाच्या दारापर्यंत दोघांनी सोडलं. भिंतीकडचा बाक पुसलेला होता, ओला डाग अजून दिसत होता. इंजेक्शनच्या पेनांची पेटी बाईंच्या टेबलावर, हात पोचेल अशी. बायकोने गुंजच्या गळ्यातली लाल पट्टी नीट केली, तिच्यावर दूध, अंडं आणि शेंगदाणा अशी तीन चित्रं फुली मारून काढलेली होती. "जा आता," गुंज म्हणाली. "सगळे बघतायत."

बायको कोपऱ्यावरच्या थांब्याकडे निघाली, तिला अकराला परत यायचं होतं. काटेवाला निघाला तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून वळून वर्गाच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. आत गलका होता. त्या गलक्यातून तो एकच आवाज वेचून काढत होता. ती शेजारच्या बाकावरच्या कुणाला तरी सांगत होती की तिच्याकडे जायचं तर आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, नुसती बोटं नाही, आणि तो मुलगा म्हणत होता की त्याने सकाळीच आंघोळ केलीय.

मग टेबलावर पट्टी आपटली. "चला, सगळ्यांनी गप्प बसा पाहू. एकदम गप्प!"

वर्ग गप्प झाला. साठही.

काटेवाल्याने भिंतीला हात टेकला. त्याला माहीत होतं, हे काही नाही, बाईंनी सांगितलं म्हणून गप्प आहेत. तरी तो कान देऊन राहिला. आत काहीच ऐकू येत नव्हतं. मग चपलांचा आवाज आला, टेबलापासून निघालेला, भिंतीकडच्या बाकाशी येऊन थांबलेला.

"तू नाही गं," पहिलीच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तू आपली बोलत राहा."

मग गुंजचा आवाज, जरा गोंधळलेला, स्वच्छ.

"काय बोलू?"